लाख्याच्या तोंडातलं पुरण

आमची सुचिता लहानपणी पोह्यातली मोहरी निवडून काढे. मिरची नाही, कढीपत्ता नाही, मोहरी! एक-एक दाणा बोटानं ताटाच्या काठाले नेऊन चिकटवे, आन् मंग थंडगार झालेले पोहे खाये. तिची माय वंदना, म्हणजे माही लहान बहीण, मलकापूरहून फोन लावून रडे, "ताई, काय करू वं ह्या पोट्टीचं? शाळेची गाडी निघून जाते आन् हिची मोहरी संपत नाही." मी म्हणे, "राहू दे वं. हिले पुढं असंच काम भेटीन, पाह्यजो."

आता माहं तोंड गोड करा, कारण तसंच झालं. सुचिता डीएनए साफ करते.

साबण लावून नाही, सॉफ्टवेअरनं. आमच्या गावात, वरवट बकालात, कोणी विचारलं का भाची काय करते, तर मी मान ताठ करून सांगते. समोरचा म्हणे, "म्हणजे नेमकं काय?" का माही पंचाईत! म्हणून एक दिवस मी तिले समोर बसवलं आन् सारं समजून घेतलं. तुम्हाले माह्या भाषेत सांगते. काही चुकलं तर तिलेच जाऊन विचारा, पण घरून जेवून जा, कारण ती सुरू झाली का सोडत नाही.

समजा, बैल आहे. त्याच्या अंगाच्या कणाकणात एक लांबच लांब मजकूर असते, चारच अक्षरांचा. मशीनले तो सलग वाचता येत नाही. म्हणून त्याचे करोडो तुकडे करून वाचते. आन् मशीन काही देव नोहे. तुकडा वाचता वाचता शेवटाले थकते आन् अंदाजानं अक्षरं ठोकते, आपण शाळेत पाढे म्हणताना शेवटाले गडबड करत होतो तसं. दुसरं म्हणजे, तुकडे मशीनले धरता यावे म्हणून लॅबवाले त्याच्या दोन्ही टोकाले बनावट शेपूट जोडतात. तुकडा आखूड असला का ते शेपूट बी बैलाचंच म्हणून वाचल्या जाते. आन् तिसरं, बैलासंगं भलत्याच कोणाचे तुकडे येतात. हे सारं काढायचं आन् बैल तेवढा ठेवायचा. सुचितानं त्यासाठी सोताचं सॉफ्टवेअर लिहिलं. मोहरी निवडणारी पोट्टी, दुसरं काय करीन!

तर तिच्या अकोल्याच्या गाईडनं, भालचंद्र सरांनं, काम काढलं का आपल्या भागातल्या गावठी बैलायचा वंश पाहायचा. संग्रामपूर तालुका सुचिताच्या वाट्याले आला, म्हणून ती माह्याकडं राहायले आली. काम साधं होतं. कापसाचा बोळा लावलेली काडी घ्यायची, बैलाच्या गालाच्या आतून फिरवायची, नळीत टाकायची, बूच लावायचं. पण बैल सापडला पाह्यजे ना! कोणाचा वावरात, कोणाचा बाजारात, कोणाचा मारका. ती बिचारी वणवण फिरून संध्याकाळी दोन नळ्या घेऊन वापस ये.

मंग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यलं आन् उडीच मारली. "मावशे! पोळा! साऱ्या गावाचे बैल एका लाइनीत, धुतलेले, शांत!"

मले बी पटलं. खरं सांगते, भल्ली हुशार वाटली मले ती त्या टायमाले.

पोळ्याच्या दिवशी ही बाई काड्यांचा डबा घेऊन तोरणाखाली हजर. तं आमचे शेजारी उकंडराव आडवे आले. झूल घातलेला लाख्या हाती, डोक्यावर नवा फेटा, आन् आवाज असा का ढोलवाला थांबला.

"तोरण तुटल्याबिगर बैलाच्या तोंडात काडी? सुचे, येडी झाली का वं?"

"काका, एक मिनिट लागते."

"एक मिनिट नाई आन् अर्धं नाई. पोया फुटू दे. मंग घरी ये, पाह्यजे तेवढ्या काड्या घाल."

साऱ्यायनं मान डोलावली. मंग काय, तोरण तुटून पोळा फुटला, बैल घरोघरी गेले आन् सुचिता दारोदार निघाली. आता पोळा फुटल्यावर दारात काय होते, हे तुम्हाले मी काऊन सांगू? पाय धुतात, ओवाळतात, आन् अख्खी पुरणपोळी बैलाच्या तोंडात जाते. ही पोट्टी दारात पोचे तवा बैलाचा जबडा हालून राह्यलेला असे. एका-दोघींनं तर बैलासंगं हिले बी कुंकू लावलं. मी मागून हसून हसून मरू!

"सुचे, तोंडात पुरण आहे त्याच्या."

"पाणी पाजते ना मावशे. थोडंफार राह्यलंच तर सॉफ्टवेअर कायले लिहिलं मी?"

असा तोरा होता.

सगळ्यात शेवटचं घर उकंडरावाचं. त्यायच्या लाख्याची गोष्ट येगळी आहे. बाकीच्यायचे बैल बाजारातून आणलेले. लाख्या घरच्या गायीचा, ती गाय तिच्या मायची, तिची माय उकंडरावाच्या बापाच्या गोठ्यातली. बाहेरचं रगत त्यात आलंच नाही. आन् त्या वंशात मागं तो एकटाच राह्यला होता, म्हातारा, लाखेच्या रंगाचा, कामातून सुटलेला. सुचितानं ते ऐकलं तर तिचे डोळेच चमकले. "काका, हाच खरा हिरा आहे. ह्याचा नमुना लय मोलाचा. हा आमच्या कम्प्युटरात कायमचा राहीन."

"कायमचा?" उकंडराव म्हणले.

"कायमचा."

झुंबरबाई, म्हणजे उकंडरावाची बायको, दारात ताट घेऊन उभी होती. तिचं आन् लाख्याचं जुनं वैर. त्यानं एकदा दोरीवरचं तिचं नवं लुगडं अर्धं खाल्लं होतं. तवापासून ती त्याले सवत म्हणे. "मी काय त्याच्या तोंडाजोळ जात नसते," ती म्हणली. "लांबूनच ओवाळलं. चारायचं ते ह्यायनंच चारलं. ने वं बाई, घाल काडी त्याच्या थोबाडात. पण बोटं सांभाळ, लुगडं समजून खाईन."

लाख्यानं मुकाट्यानं काडी घेऊ देली. वरून सुचिताचा हात चाटला.

थंडीत लाख्या गेला. म्हातारपणानंच, गोठ्यात बसल्या बसल्या. उकंडराव कोणासमोर रडले नाही, पण माह्या ओट्यावर रोज येऊन बसायले लागले. आन् रोज एकच विचारणं, "सुचे, पोचला का वं माहा लाख्या कम्प्युटरात?"

"मशीनमंधून यायचाच आहे काका."

आला एकदाचा. मी भाकरी थापून राह्यली होती. सुचितानं लॅपटॉप उघडला, पाह्यलं, आन् तिचा चेहरा असा उतरला का मी तवा खाली ठेवला.

"काय झालं?"

"मावशे, हरभरा."

"काय हरभरा?"

"बैलाच्या जागी हरभरा. आन् गहू. सगळ्या नमुन्यात. लाख्याच्यात तर बैल पाचवा हिस्सा बी नाही."

मी काय हसली असन! कंबर धरून खाली बसली. करोडो तुकडे वाचले मशीननं, आन् वाचलं काय, तर वरवट बकालचं पुरण! पण पोट्टीच्या डोळ्यात पाणी दिसलं तवा गप झाली.

भालचंद्र सरांचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला, कारण एकटीनं ऐकायची हिंमत नव्हती.

"सुचिता, हे नमुने तू बैलाचे घेतलेस की पुरणाच्या डब्याचे?"

"सर, पोळा होता."

"ते कळलं मला. अहवालात कुंकू तेवढं दिसायचं बाकी आहे." सर पलीकडून हसले, मंग गंभीर झाले. "हे बघ, वरवटचे नमुने गाळून टाकू. कोणते नमुने ठेवायचे ते सोमवारी ठरतंय. तू पुढच्या खेपेला पुन्हा घे."

"सर, बाकीच्यांचे घेईन. पण लाख्या नावाचा एक बैल आहे..."

"त्याचाही घे."

"तो गेला, सर."

सरांनं पलीकडं कागद चाळले. मंग म्हणले, "असं कर. गायीचा जो पूर्ण वाचलेला मजकूर जगभर वापरतात, त्याच्याशी जुळतात तेवढेच तुकडे ठेव. बाकी सगळं टाक. सोपं आहे."

आन् इथं आमची पोट्टी उसळली. डोळे पुसले, पदर नाही तर ओढणी खोचली, आन् म्हणली, "नाही सर. ती गाय परदेशातली. तिच्याशी जुळते तेवढंच ठेवलं, तर लाख्यात जे फक्त त्याचंच आहे, ते पुरणासंगं जाईन. मंग त्याले ठेवून फायदा काय? मले पुरण तेवढं काढायचं आहे, बैल नाही."

मी तर टाळीच वाजवणार होती. सर बी म्हणले, "बरोबर आहे तुझं. पण मग रस्ता शोध. सोमवारपर्यंत."

फोन ठेवला तं ओट्यावरून आवाज आला, "सुचे, आला का वं लाख्या?"

"रस्त्यात आहे काका," ती म्हणली. खोटं नव्हतं ते.

मंग तिनं सरळ मार्ग धरला. गव्हाचा सारा मजकूर उतरवून घ्यायचा आन् त्याच्याशी जुळणारे तुकडे हाकलायचे. तं लॅपटॉप बंद पडला. परत लावला, परत पडला. मी विचारलं तर म्हणे, "गव्हाचा मजकूर बैलाच्या पाच-सहा पट मोठा आहे, मावशे. लॅपटॉपच्या डोक्यात मावत नाही."

"काय सांगते! एवढासा गहू, आन् एवढ्या बैलापेक्षा मोठा?"

"हाव ना!"

मले तर त्या दिवसापासून कणीक भिजवताना बी मान द्यावासा वाटते.

लॅपटॉप तापला म्हणून मी त्याच्याखाली माहा पोळपाट दिला. पाय असतात ना त्याले, खालून हवा खेळते. ज्या पोळपाटावर त्या पुरणपोळ्या लाटल्या, त्याच्यावरच आता ते सारं बसलं होतं. मी तसं म्हणून दाखवलं तर सुचितानं मले रागानं पाह्यलं. मी म्हटलं पाह्य बाई, पाह्य, आन् वरणाची डाळ कुकरले लावायले उठली.

दुपार होती. कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीले सुचितानं मान वर केली.

"मावशे, पोळ्याले पुरणाची डाळ तू किती शिजवली होती?"

"मऊ होवस्तोवर."

"म्हणजे किती मऊ?"

"बोटानं दाबली का लोणी. मंग गूळ घालून परत आटवलं, पुरणयंत्रातून काढलं, पोळीत भरून तव्यावर भाजलं. काऊन, आता स्वयंपाक शिकते का?"

ती उभीच राह्यली. "शिजवलं, आटवलं, वाटलं, भाजलं! मावशे, त्या डाळीच्या डीएनएचे पार बारीक तुकडे झाले असन! अक्षरं तीच, पण भुगा! आन् बैल तर कच्चा आहे!"

"बैल कच्चाच असते बाई."

"त्याचे तुकडे लांब असन! अवं, लांब!" तिनं मले धरून गरकन फिरवलं. माह्या हातात झारा होता, सांगते तुम्हाले, पोट्टीचं डोकं थोडक्यात वाचलं.

मले काही समजलं नाही. मंग तिनं वावरातलं उदाहरण देलं तवा उजेड पडला. मशीन एक तुकडा दोन्ही टोकाकडून वाचत येते. जशा दोघीजणी पऱ्हाटीच्या एका तासाच्या, म्हणजे कपाशीच्या एका ओळीच्या, दोन टोकायले निंदायले बसल्या. तास लांब असला तर दोघी आपापल्या जागी, सुट्टी झाली तरी गाठ पडत नाही. पण तास आखूड असला तर? डोक्यावर डोकं आदळते! आन् लयच आखूड असला तर एकमेकीले ओलांडून पार बांधावर जातात. तो बांध म्हणजे ते लॅबवाल्यायचं बनावट शेपूट. म्हणजे ज्या तुकड्यात दोन्हीकडचं वाचन एकमेकावर आदळलं, नाहीतर शेपटात घुसलं, तो तुकडा आखूड. आन् आखूड म्हणजे बहुतेक शिजलेला!

"म्हणजे डोकी आदळली का पुरण?" मी विचारलं.

"डोकी आदळली का पुरणाचा संशय," ती म्हणली. तिले असं पक्कं कधी बोलता येत नाही. "बैलाचे बी काही आखूड असतात, म्हणून सरसकट फेकायचे नाही. आखूड ते बाजूले काढायचे, त्यायले हरभऱ्याशी आन् गव्हाशी जुळवून पाहायचं. आन् गहू एकदम नाही लावायचा, वाटे करून लावायचा. आता ढीग लहान झाला, लॅपटॉपले झेपते!"

पण तिनं घाई केली नाही, हे मले तिचं लय आवडलं. पहिले एका दुसऱ्या बैलाचं चोख वाचन घेतलं, त्यात मुद्दाम हरभऱ्याच्या मजकुराचे शिजल्यावाणी आखूड तुकडे मिसळले, आन् सॉफ्टवेअरले देलं. हरभरा निघाला का, आन् बैलाले धक्का लागला का, ते पाह्यलं. पहिल्या खेपेले बैल बी थोडा गेला. तिनं काहीतरी बदललं, परत चालवलं. आणखी बदललं. मी चहा देऊ, ती थंडा करून पिये, अगदी पोह्यावाणी. मंग एका खेपेले ती खुर्चीत मागं टेकली आन् म्हणली, "निघाला."

तवा कुठं लाख्याले आन् गावच्या बाकी बैलायले हात लावला.

सोमवारी सकाळी उकंडराव ओट्यावर, झुंबरबाई दारात, मी उंबऱ्यावर. पोळपाटावरचा लॅपटॉप घरघरून राह्यला. सुचितानं फोन लावला.

"सर, पाठवलंय. पाहा."

पलीकडून नुसता कीबोर्डचा आवाज. उकंडरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. झुंबरबाई म्हणली, "मेलं एवढं काय पाहून राह्यला तो मास्तर?" मी तिले चिमटा घेतला.

"सुचिता," सर म्हणले, "लाख्यात फार थोडं उरलंय."

"हो सर. पण पुरते का?"

"कामचलाऊ आहे. पण स्वच्छ आहे. आणि त्यात असे तुकडे दिसताहेत, जे त्या परदेशी गायीत नाहीत." सरांचा आवाज बी चढला. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी सांगितलं तसं केलं असतं तर हे गेलं असतं. वरवटचे सगळे नमुने ठेवतो. आणि ते सॉफ्टवेअर पाठव मला, आपल्या बाकीच्या मुलांनाही लागेल. पुढे कुठे कोण सणाच्या दिवशी नमुने घेईल, सांगता येत नाही!"

सुचितानं फोन ठेवला आन् ओट्यावर धावली. "काका! पोचला!"

उकंडराव उभे झाले. टोपी घातली, काढली, परत घातली. "पोचला? सारा?"

"सारा नाही. पण त्याचं आहे ते त्याचंच आहे. चोख."

"म्या सांगतलंच होतं," ते म्हणले, "चोख होता माहा लाख्या." आन् मंग त्यायनं सुचिताच्या डोक्यावर हात ठेवला आन् ठेवूनच राह्यले.

आता मले चैन कुठं! मी विचारलं, "सुचे, गहू निघाला, हरभरा निघाला. आणखी काय काय निघालं गावाच्या तोंडातून?"

"कडबा, गवत, तोंडातले जंतू. आन् माणसाचं. चारणाऱ्याच्या हाताचं येते ना."

"माणसाचं? कोणाकोणाचं? सांग वं!"

"ते पाहायचंच नसते, मावशे. माणसाचं आलं का सगळ्यात पहिले काढून टाकायचं. कोणाचं, बाईचं का माणसाचं, काहीच नाही पाहायचं. नियम आहे."

माहा असा विरस झाला म्हणून सांगू! साऱ्या गावाच्या भानगडी त्या नळ्यात होत्या, आन् ही बया न पाहता काढून टाकते!

तेवढ्यात झुंबरबाई पुढं आली. पदराचं टोक बोटाले गुंडाळत, आवाज एकदम लहान.

"सुचे, लाख्याच्यातलं बी काढलं का?"

"काय काकू?"

"ते... हाताचं."

"हो काकू. काढावंच लागते."

"सारं?"

"सारं."

झुंबरबाईनं बोटाचा पदर सोडला. "पाच पोया चारल्या होत्या म्या त्याले त्या दिवशी," ती म्हणली. "ह्यायच्या मागं, गोठ्यात नेऊन. दात पडले होते ना त्याचे, मंग मीच कुस्करून, बोटानं आत घालून..."

उकंडराव पाहतच राह्यले. "तू? अवं, तू तर लांबून ओवायलं म्हणे!"

"मंग काय साऱ्या गावात सांगत फिरू, सवतीले पोई चारली म्हणून?"

मले कळलं का लाख्याच्याच नळीत पुरण एवढं काऊन भरलं होतं. मी तोंड उघडलं. सुचितानं माह्याकडं असं पाह्यलं का मी मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, लिहून ठेवा. मंग सुचिता झुंबरबाईच्या बाजूले जाऊन बसली, आन् दोघी कितीतरी वेळ लाख्याच्या दाताबद्दल बोलत बसल्या.

ह्या पोळ्याले गंमत झाली. उकंडरावानं नवा गोऱ्हा आणला आहे, पांढरा, अवखळ. सुचिता ह्या खेपेले शहाणी होऊन दिवस उगवताच आली, गावात कोणाची चूल पेटायच्या आत. उकंडरावानं सोता गावभर सांगून ठेवलं होतं, का तोरणाच्या पहिले काडी घातली तर काही बिघडत नाही, उलट आपला बैल कायमचा राहते. आन् उकंडरावाच्या गोठ्यासमोर कोण उभी? झुंबरबाई! हातात काठी. "खबरदार, कोणी त्याच्या तोंडाले काही लावलं तर! पहिले माही सुची काडी घालीन, मंग बाकी सारं!"

सुचितानं गोऱ्ह्याचा जबडा उघडला. आत वाकून पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. मंग झुंबरबाईकडं.

"काकू."

"काय?"

"ह्याच्या दाताले काय चिकटलं?"

झुंबरबाईनं काठी खाली टाकली. "पुरणपोई नाई देली म्या! शप्पत! गुयाचा खडा होता, एवढासा. लहान आहे ना वं तो, पहाटेपासून उपाशी उभा!"

सुचिता काडी हातात धरून हसायले लागली. मले तर भिंतीचा आधार घ्यावा लागला. "गूळ चालते काकू," ती कशीबशी म्हणली, "तो एवढा उकळलेला असते का त्यात वाचायसारखं काही उरतच नाही."

"उरत नाई?" झुंबरबाईनं कनवटीले हात घातला. "मंग आणखी एक देऊ का?"